नर्सिंगचे विद्यार्थी आणि स्वतःची काळजी

आपले आरोग्य टिकवण्यासाठी माणूस रोज आपणहून जे करतो, त्याला परिचर्याशास्त्रात 'स्व-काळजी' म्हणतात. अमेरिकी परिचारिका डोरोथिया ओरेम यांनी १९७१ च्या पुस्तकात हा विचार सविस्तर मांडला. वय, तब्येत, कुटुंब, राहणी, भोवताल आणि हाताशी असलेली साधने यांवर स्व-काळजीची क्षमता ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नर्सिंगच्या वर्गात हा सिद्धान्त रुग्णासाठी शिकवतात; शिकणाऱ्यांनाही तो तितकाच लागू पडतो.

सकाळच्या ड्यूटीवर विद्यार्थिनी रुग्णाचा इनटेक-आउटपुट चार्ट भरते: आठला चहा १०० मिली, नऊला पाणी २०० मिली. तिची स्वतःची बाटली चेंजिंग रूममधल्या पिशवीत असते. मधेच स्वच्छतागृहात जायला सवड मिळणार नाही, म्हणून अनेकजणी पाणीच कमी पितात. त्यातून डोके दुखते, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. हे सारे त्यांना पाठ असते. कमी पडते ती माहिती नव्हे, सवड.

सर्वांत मोठा घाला झोपेवर पडतो. शरीराचे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. नाइट ड्यूटीहून परतताना डोळ्यांवर ऊन येते, मेलाटोनिन हे संप्रेरक ओसरते आणि दिवसाची झोप तुटक होते. त्यात दुपारचे लेक्चर किंवा अपुरी केसबुक असली, की तीही जाते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, मन गोड आणि तळलेल्याकडे धावते. मेस बंद झालेली असेल, तर चहा-बिस्किटांवरच भागवावे लागते. घरून येणारे पैसे बेताचे असतील, तर फळे-दूध आधी सुटते.

सीनियरचे वागणेही मोजावे लागते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी दाखवल्याप्रमाणे माणूस इतरांना पाहून शिकतो आणि 'हे मला जमेल' या विश्वासावर टिकतो. न जेवता ड्यूटी ओढणाऱ्या सीनियरचे कौतुक झाले, की पहिल्या वर्षाची मुलगी तेच उचलते. सिस्टरने 'आधी जेवून ये' म्हटले, तर तेही तिच्या अंगवळणी पडते.

कॉलेजच्या व्यवस्थेवरही बरेच अवलंबून असते. उदाहरणार्थ, हेपटायटिस-बी लसीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कॉलेजने तारखा ठरवून नोंद ठेवली, तर तिसरा सहसा चुकत नाही. ज्याच्या-त्याच्यावर सोडला, तर परीक्षेच्या धांदलीत सहज राहून जातो. जेवणाची सुट्टी आणि नाइटनंतरची रजाही अशीच ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेली असावी लागते.