बिघाड तारेत की घड्याळात?

मायक्रोकंट्रोलरचे संच आता शाळांना नवीन राहिलेले नाहीत. २०१६ साली सुरू झालेल्या अटल मिशनच्या टिंकरिंग प्रयोगशाळांमधून ते अनेक शाळांत पोचले. विद्यार्थी तापमान मोजणारी जोडणी करतात आणि आकडे संगणकाच्या पडद्यावर उमटण्याची वाट पाहतात. पण पडद्यावर कधी काहीच येत नाही, तर कधी चौकोन आणि अगम्य चिन्हांची रांग येते. मग तारा हलवणे, प्रोग्राम पुन्हा भरणे, संच बदलणे असे सगळे उपाय एकदम होतात. कधी यश येतेही, पण बिघाड कशात होता ते कळत नाही. तो पद्धतशीर शोधता येतो, आणि हा शोध म्हणजेच एक चांगला प्रयोग आहे.

प्रथम अक्षर कसे जाते ते पाहू. सीरियल पद्धतीत एकाच तारेवरून बिट एकामागून एक जातात. तार मोकळी असताना तिच्यावर १ असतो. सुरुवातीची खूण म्हणून ० येतो, मग अक्षराचे ८ बिट, आणि शेवटी १. असे एकूण १० बिट. घड्याळाचे ठोके वाहून नेणारी वेगळी तार नसते. सुरुवातीचा ० दिसताच घेणारा आपल्या घड्याळाने मोजू लागतो आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेकडे पाहतो. दोघांची घड्याळे जुळली, तरच अक्षर बरोबर वाचले जाते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : पडद्यावर काहीच येत नाही, की चुकीचे येते?

काहीच येत नसेल, तर जोडणी तपासावी. एकाची पाठवणारी पिन (टीएक्स) दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेला (आरएक्स) जोडलेली हवी. दोघांचे ग्राउंड एकत्र हवे, कारण व्होल्टेज कोणत्या तरी समान पातळीपासूनच मोजले जाते. त्यानंतर यूएसबी कन्व्हर्टर मायक्रोकंट्रोलरपासून सोडवून त्याच्या स्वतःच्याच टीएक्स आणि आरएक्स पिना एकमेकींना जोडाव्यात. टाइप केलेले अक्षर पडद्यावर परत आले, तर संगणक, पोर्ट आणि कन्व्हर्टर निर्दोष ठरतात. मात्र या चाचणीत पाठवणारे आणि घेणारे घड्याळ एकच असते. त्यामुळे वेग जुळतो की नाही, हे तिच्यातून कळत नाही.

अक्षरे चुकीची येत असतील, तर संशय वेगावर घ्यावा. प्रोग्राममध्ये आणि संगणकावर एकच वेग निवडलेला आहे ना, हे आधी पाहावे. कधी कधी दोन्हीकडे ९६०० लिहिलेले असूनही अक्षरे बिघडतात. इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचे उदाहरण घेऊ. समजा, त्याला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला आहे. नेहमीच्या मांडणीत या वारंवारतेला आधी १२ ने आणि मग ३२ ने भागले जाते, उरतात ३१,२५०. टायमर याला फक्त पूर्णांकानेच भागू शकतो. ९६०० मिळवायला भाजक ३.२६ हवा. आपण ३ घेतो आणि वेग होतो सुमारे १०,४१७, म्हणजे साडेआठ टक्के जास्त.

एवढ्याने काय बिघडते? चूक प्रत्येक बिटागणिक साठत जाते. हिशेब केला तर पहिले पाच बिट बरोबर वाचले जातात, पण सहाव्याच्या जागी सातवा वाचला जातो, आणि पुढेही तसेच. कॅपिटल ‘ए’चा संकेतांक ६५, एकटेच पाठवलेले हे अक्षर १६१ म्हणून पोचते! शेवटच्या बिटाचा मध्य साडेनऊ बिटांनंतर येतो आणि तोवर घसरण अर्ध्या बिटाहून कमी हवी. म्हणजे दोन्ही घड्याळांतला फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. प्रत्यक्षात तो २ टक्क्यांच्या आत असलेला बरा.

आता ११.०५९२ मेगाहर्ट्झ या विचित्र क्रिस्टलचे कोडे सुटते. त्याला १२ ने आणि ३२ ने भागल्यास २८,८०० उरतात, आणि त्याला ३ ने भागले की नेमके ९६००!

निदान पक्के करायला १२ मेगाहर्ट्झचाच क्रिस्टल ठेवून दोन्हीकडे २४०० वेग निवडावा. ३१,२५० ला १३ ने भागले की सुमारे २,४०४ येतात, चूक नगण्य. वीतभर लांबीच्या त्याच तारांवर आता अक्षरे स्वच्छ आली, तर दोष तारांचा नव्हे, भागाकाराचा होता.

वारंवारता मोजणारा मल्टिमीटर असेल, तर आणखी एक चाचणी करता येते. कॅपिटल ‘यू’ हे अक्षर खंड न पडता पाठवत राहावे. त्याचे बिट असे आहेत की सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांसह तारेवर ० आणि १ आलटूनपालटून येतात. ९६०० वेगाला मीटरवर ४,८०० हर्ट्झ दिसायला हवेत. वरच्या उदाहरणात सुमारे ५,२०८ दिसतील.

वर्गात हे करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत तीन रकाने आखावेत : काय बदलले, काय दिसले, त्यावरून कोणता संशय मिटला. तिसरा रकाना विद्यार्थ्यांनाच भरू द्यावा.