गाडीतली हवा साफ ठेवू या, आपल्याच हातांनी

चारचाकी आता फक्त श्रीमंतांच्या दारात राहिलेली नाही. हप्त्यावर घेतलेली असो वा कुणाकडून वापरलेली घेतलेली असो, एक छोटी गाडी आज आपल्यातील पुष्कळ घरांपुढे उभी असते. अम्मींना दवाखान्यात न्यायचे, मुलांना परीक्षेच्या केंद्रावर सोडायचे, ईदला गावी जायचे, निकाह-वलीम्याला जायचे, हे सारे तिच्यावरच. आपण तिची निगाही राखतो. सुट्टीच्या दिवशी धुतो, सीटवर कव्हर घालतो, आत अत्तराची कुपी ठेवतो. पण त्याच गाडीत बसून आपली मुले आणि वडीलधारी माणसे कोणती हवा श्वासावाटे आत घेतात, हे क्वचितच कुणी उघडून पाहतो.

काचा बंद आहेत, एसी चालू आहे, म्हणजे धूळ बाहेरच राहिली, असा आपला समज असतो. तो खरा नाही. बंद गाडीतही बाहेरची हवा सतत येत असते. ती कोणत्या वाटेने येते हे एकदा कळले, की पुढचे काम सोपे होते.

हवेची वाट

गाडीच्या पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, प्लास्टिकची एक जाळी असते. बाहेरची हवा तेथून आत शिरते. डॅशबोर्डच्या आत ब्लोअर नावाचा पंखा असतो. तो ही हवा ओढतो, थंड कॉइलवरून फिरवतो आणि आपल्या तोंडासमोरच्या झरोक्यांतून सोडतो. या वाटेवर वहीच्या आकाराचा, पंख्यासारख्या घड्या घातलेला एक चौकोनी फिल्टर बसवलेला असतो. त्याला केबिन एअर फिल्टर म्हणतात. दुकानात ‘एसी फिल्टर’ म्हटले तरी चालते. इंजिनासाठी लागणारा एअर फिल्टर वेगळा. तो बॉनेटखाली असतो आणि इंजिनाला साफ हवा देतो. केबिनचा फिल्टर फक्त माणसांसाठी आहे.

हवेत तरंगणाऱ्या कणांपैकी 10 मायक्रॉन व त्याहून लहान कणांना पीएम 10 आणि 2.5 मायक्रॉन व त्याहून लहान कणांना पीएम 2.5 म्हणतात. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती बारीक असतात ते समजावे. मोठी धूळ नाका-घशात अडकते, पण पीएम 2.5 थेट फुप्फुसात खोलवर जाते. आपल्या देशात 2009 साली ठरलेल्या मानकाप्रमाणे हवेतील पीएम 2.5 चे वर्षभराचे सरासरी प्रमाण दर घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 5 वर आणली. ट्रकच्या मागे, उकरलेल्या रस्त्यावर, सिग्नलला उभ्या असलेल्या डिझेल गाड्यांच्या गर्दीत आपण नेमकी हीच हवा घेत असतो. आपल्या राज्यात मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण वर्षानुवर्षे चालले. त्या रस्त्याने कोकणात ये-जा करणाऱ्या घरांना धुळीची गोष्ट वेगळी सांगायला नको.

फिल्टरची जागा रिकामी

आमच्या घरी वापरलेली गाडी आली, तेव्हा पहिल्या काही लांबच्या प्रवासांत एक गोष्ट ध्यानात आली. अम्मींना दम्याचा त्रास आहे. घरी त्या ठीक असत, पण गाडीत तासभर झाला की खोकला सुरू होई, तोही काचा बंद आणि एसी चालू असताना. डॅशबोर्डवर बोट फिरवले की पिवळसर धूळ बोटाला लागे. सर्व्हिसिंगच्या बिलावर मात्र एका गॅरेजने ‘एसी फिल्टर साफ केला’ असे लिहून पैसे घेतले होते. आम्ही कप्पा काढून पाहिले, तर आत फिल्टरच नव्हता. खाचेवर झाकण होते आणि झाकणामागे नुसती पोकळी. कमी किमतीच्या काही जुन्या मॉडेलांत कंपनी जागा ठेवते, पण फिल्टर देत नाही. काही वेळा कुणी मळका फिल्टर काढून फेकतो आणि नवा बसवतच नाही.

आपल्यातील कितीतरी तरुण गॅरेजात घाम गाळून हलाल रोजी कमावतात. त्यांची मेहनत आम्हांला ठाऊक आहे आणि हा लेख त्यांच्या विरोधात नाही. पण न केलेल्या कामाचे पैसे घेणे हे मापात मारण्यासारखेच आहे, आणि मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे कारागिरालाही ठाऊक असते. ग्राहकानेही आपले काम करावे. जुना फिल्टर हातात मागावा, डोळ्यांनी पाहावा. प्रामाणिक मेकॅनिक तो स्वतःहून दाखवतो.

बसवायचा कसा

फिल्टर आणण्यापूर्वी गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल हे लिहून घ्यावे. एकाच नावाच्या गाडीची जुनी आणि नवी आवृत्ती वेगळी असू शकते आणि त्यांचे फिल्टर एकमेकांना बसतीलच असे नाही. साध्या फिल्टरचा कापड-कागदासारखा पांढरा थर धूळ आणि परागकण अडवतो. राखाडी-काळ्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असतो. तो काही वास आणि वायूही शोषतो, पण महाग पडतो. छोट्या गाड्यांचा साधा फिल्टर बहुधा काहीशे रुपयांत मिळतो.

बहुतेक छोट्या गाड्यांत हा फिल्टर पुढच्या डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. काही गाड्यांत तो पायाजवळ किंवा बॉनेटच्या बाजूने असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते, ती आधी पाहावी. कप्प्यामागे असेल तर काम असे करावे.

1. गाडी सावलीत उभी करावी. चावी काढून घ्यावी. नाका-तोंडावर मास्क बांधावा आणि दम्याच्या माणसाला त्या वेळी दूर बसवावे.

2. कप्पा रिकामा करावा. त्याच्या एका बाजूला दोरी किंवा दांडी अडकवलेली असेल तर ती अलगद सोडवावी. मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला दाबल्या की तो खाली झुकतो किंवा निघून येतो. काही गाड्यांत दोन-चार स्क्रू असतात.

3. आत एक लांबट झाकण दिसेल. त्याच्या बाजूचे खटके दाबून ते काढावे. याच भागात एअरबॅगच्या वायरी असू शकतात. त्या बहुधा पिवळ्या असतात. त्यांना ओढू नये, सोडवू नये.

4. जुना फिल्टर सरळ आणि हळू ओढावा, म्हणजे कचरा आत सांडत नाही. त्यावर बाणाची खूण असते. बाण कोणत्या दिशेला होता ते ध्यानात ठेवावे किंवा मोबाइलवर फोटो काढावा.

5. खाचेतील पाने, माती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत सुकी पाने निघतात, तर पावसाळ्यात कधी उंदराने केलेले घरही निघते. तसे असेल तर हातमोजे घालूनच साफ करावे.

6. नवा फिल्टर त्याच दिशेने सरकवावा. बाण हवा वाहण्याची दिशा दाखवतो. फिल्टर कोंबू नये, दुमडू नये. कडेला फट राहिली तर हवा तेथूनच निसटते आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो.

7. झाकण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे, कप्पा जागेवर बसवावा. गाडी चालू करून ब्लोअरचा वेग एकेक करून वाढवावा. खरखर आवाज आला तर काहीतरी नीट बसलेले नाही, असे समजून पुन्हा उघडावे.

पहिल्यांदा अर्धा तास लागेल, पुढे दहा मिनिटेही पुरतात. घरातील मुलीलाही हे काम शिकवावे. यात ताकद लागत नाही, धीर लागतो. मात्र ज्या गाडीत झाकण प्लास्टिकच्या घराशी एकसंध ओतलेले असते आणि कापल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, तेथे घरी सुरी चालवू नये. मागे एसीची कॉइल असते. ते काम एसीच्या जाणत्या कारागिराकडून एकदा करून घ्यावे आणि पुढच्या वेळी आपण फिल्टर बदलावा.

कागद-कापडाचा फिल्टर पाण्याने धुऊ नये. धुतला की त्याचे तंतू सैल होतात आणि बारीक धूळ पकडण्याची ताकद जाते. थोडा मळलेला असेल तर गाडीपासून दूर नेऊन हलके झटकता येतो, पण काळा पडलेला, ओलसर किंवा कुबट वासाचा फिल्टर बदलणेच बरे. किती किलोमीटरनंतर बदलावा ते पुस्तिकेत दिलेले असते. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर त्याही आधी पाहावा. वर्षातून एकदा बदलणे आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहणे, हा आमच्या घरचा नियम आहे. फिल्टर तुंबला की हवा कमी येते, एसी थंड करीत नाही, आणि माणूस नाहक गॅस भरून घेण्याच्या खर्चात पडतो.

फिल्टर काय करू शकत नाही

हे सांगणे आम्हांला सर्वांत जरुरीचे वाटते. कोणताही केबिन फिल्टर कार्बन मोनॉक्साइड अडवीत नाही, कोळशाचाही नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवून उभ्या, बंद गाडीत कधीही झोपू नये. मुलांना तसे ठेवून बाजारातही जाऊ नये. बंद शटरच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

धुराच्या गाडीमागे असताना ‘आतलीच हवा फिरवण्याचे’ बटण लावावे, पण तासन् तास तसेच ठेवू नये. चार-पाच माणसांच्या श्वासाने आतली हवा जड होते, चालवणाऱ्याला सुस्ती येते. अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. मुक्कामाला पोहोचण्याच्या चार-पाच मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर कॉइल सुकते आणि कुबट वास कमी होतो.

नवा फिल्टर बसवल्यानंतर अम्मींचा प्रवासातला खोकला पुष्कळ कमी झाला. डॅशबोर्डवरची धूळही कमी झाली. पण फिल्टरने दमा बरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. दम्याला डॉक्टर आणि इन्हेलर, आणि तो इन्हेलर प्रवासात डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी असावा.

हाताच्या कामाची इज्जत

आपल्याकडे शिकलेल्या माणसाने हात काळे केले की लोक हसतात. प्यारे नबी (स.) घरात आपल्या चपला स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीतून आपण मुलांना शिकवतो. मग आपल्या गाडीचा एक कप्पा उघडायला लाज कसली? वुजूच्या पाण्याची पाकी आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. श्वास तर दिवसातून हजारो वेळा आत जातो, आणि हे शरीर आपल्याकडे अल्लाहची अमानत आहे.

यंदा ईदला किंवा सुट्टीत गावी निघण्यापूर्वी टायरची हवा पाहाल, तेव्हा माणसांची हवाही पाहा. कप्पा उघडा, फिल्टर हातात घ्या, मळला असेल तर बदला. आणि शेजारच्या घरात कुणाला दमा असेल, तर त्यांच्या गाडीचाही फिल्टर एकदा बसवून द्या. दहा मिनिटांच्या या कामात इन्शाअल्लाह मोठी नेकी आहे.