इंकांचें ग्रंथिलेखन

लिपीवांचून साम्राज्य चालेल काय? पेरूच्या इंका राजांनीं तें चालविलें. कुझको ही त्यांची राजधानी. राज्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारें ४००० किलोमीटर. तरी कोठारांतील धान्य, वेठ, खानेसुमारी यांचा सारा हिशेब दोऱ्यांच्या गांठींत असे. अशा जुडग्यास 'किपू' म्हणत. प्रत्येक दोऱ्यावर खालीं एकं, वर दहं, त्याहून वर शतं. शून्याच्या जागीं दोरा मोकळा! शून्याचा अभिमान वाहणाऱ्या आपणांस याचें कौतुक वाटावें.

१५३२ त स्पॅनिशांनीं राजा अताहुआल्पास पकडलें. १५८३ त लिमा येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेनें जुन्या पूजाविधींचे किपू हिरावून घेण्याचें ठरविलें. पुढें १९१२ त लेलंड लॉक या अमेरिकन गणितशिक्षकानें (हें लिहितांना आमची मान किंचित् ताठ होते) त्यांतील अंक उलगडले. परंतु कित्येक किपू या अंकनियमांत बसत नाहींत. त्यांत कथा आहेत कीं वंशावळी, हें सांगणारा आज कोणी उरलेला नाहीं.