पाठ फिरवली की हात गायब!

सेकंडहॅण्ड ऑक्युलस रिफ्ट घेतलाय? मग हे तुमच्याशी होणारच. मागून आवाज आला म्हणून गर्रकन वळलात आणि गेममधला हात हवेतच गोठला! चूक तुमची नाही. २०१६च्या या रिफ्टचे सेन्सर म्हणजे टेबलावरचे कॅमेरे. हेडसेट आणि कंट्रोलरवरचे इन्फ्रारेड दिवे दिसले, तरच तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळतं. दोन्ही सेन्सर समोर अन् मध्ये तुमचीच पाठ!

उपाय? मागच्या कोपऱ्यात, जरा उंचावर तिसरा सेन्सर. पण थांबा, पैसे मोजण्याआधी पीसीच्या मागे डोकावून पोर्ट मोजा. प्रत्येक सेन्सर सतत चित्रं पाठवत असतो. तिन्ही एकाच स्वस्तातल्या यूएसबी हबवर लादलेत, तर ट्रॅकिंग आणखीच लटपटेल. तिसरा सेन्सर यूएसबी २.०वर लावा, असं कंपनीनेच सुचवलं होतं. (२०१९च्या रिफ्ट एसमध्ये कॅमेरे हेडसेटवरच आले, ही कटकटच संपली.)

आणि होस्टेलची खोली असेल तर? तिसरा घेऊच नका. आहेत तेच दोन सेन्सर समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरपे ठेवा, सेटअप पुन्हा करा. खर्च फक्त एका एक्स्टेन्शन केबलचा.