निसर्गाच्या शाळेतील गुरुजन

सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थना करण्याचा जागतिक दिन पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली कॅथोलिक ख्रिस्तसभेत सुरू केला. १ सप्टेंबरपासून असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या सणापर्यंत, म्हणजे ४ ऑक्टोबरपर्यंत, अनेक धर्मग्रामांत सृष्टीविषयक उपक्रम होतात. झाडे लावली जातात, किनारे स्वच्छ केले जातात, मुलांच्या चित्रकला स्पर्धा भरतात. हे सारे स्तुत्यच आहे. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकाच्या सहाव्या प्रकरणात पोपमहोदयांनी आणखी एक विषय हाती घेतला आहे, तो म्हणजे पर्यावरणाचे शिक्षण व त्यामागील आध्यात्मिकता. माहिती आणि कायदे पुरेसे नाहीत, माणसाच्या सवयी आणि वृत्ती घडाव्या लागतात, असा त्यांचा आग्रह आहे.

असे शिक्षण देणार कोण? ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला अशा एका शिक्षकवर्गाची ओळख वाचकांना करून द्यावीशी वाटते की ज्यांचे नाव क्वचितच कोणाच्या कानावर पडते. मुलांना रानात, नदीकाठी वा समुद्रकिनारी राहावयास नेऊन तेथेच शिकविणाऱ्या निवासी पर्यावरण शिक्षण केंद्रांतील हे शिक्षक होत.

केंद्रांचा उगम

अमेरिकेतील अनेक शाळा पाचवी-सहावीच्या सुमारास संपूर्ण वर्गाला तीन ते पाच दिवस अशा केंद्रात पाठवितात. ही सहल नव्हे. मुले तेथे राहतात, एकत्र जेवतात आणि दिवसाचे बहुतेक तास उघड्या आकाशाखाली ठरलेल्या अभ्यासक्रमानुसार शिकतात. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांविषयी रेचल कार्सन ह्यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्या दशकभराच्या जागृतीतून ही केंद्रे उभी राहिली. वायोमिंग राज्यातील टेटन सायन्स स्कूल १९६७ साली, टेनेसीतील ट्रीमॉंट येथील केंद्र १९६९ साली आणि कॅलिफोर्नियातील योसेमिटी इन्स्टिट्यूट १९७१ साली सुरू झाले. त्याच १९७१ साली मिनेसोटा राज्यात जॅक पिचोटा ह्या शाळाशिक्षकाच्या पुढाकाराने एक केंद्र निघाले. १९८८ साली ते लेक सुपीरियर ह्या महाकाय सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर नेण्यात आले. वुल्फ रिज ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या केंद्राचा परिसर सुमारे २,००० एकरांचा आहे.

ब्रिटनमध्ये ह्या कार्याचा प्रवाह त्याहून जुना आहे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, शाळा-निरीक्षक फ्रान्सिस बटलर ह्यांच्या प्रयत्नांतून 'फील्ड स्टडीज कौन्सिल' ह्या संस्थेची पायाभरणी झाली. १९४६ साली सफोक परगण्यातील फ्लॅटफर्ड मिल ह्या जुन्या पाणचक्कीच्या वास्तूत तिचे पहिले निवासी केंद्र उघडले. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल ह्यांच्या चित्रांनी अजरामर झालेली हीच ती पाणचक्की. केंद्राचे पहिले प्रमुख एरिक एनिअन हे पेशाने डॉक्टर होते. आपला चालता व्यवसाय सोडून ते पक्ष्यांची चित्रे काढू लागले व विद्यार्थ्यांना पक्षी दाखवू लागले.

वेल्समधील डेल फोर्ट केंद्राचे १९४७ सालचे प्रमुख जॉन बॅरेट ह्यांची कथा अधिक विलक्षण आहे. ते ब्रिटिश हवाई दलात होते. युद्धात पकडले गेल्याने त्यांना जर्मनांच्या बंदिवासात दिवस काढावे लागले. तेथे पक्षिप्रेमी कैद्यांचा एक छोटा गट जमला. कुंपणाच्या आतबाहेर येणाऱ्या पक्ष्यांचे हे कैदी तासन्‌तास निरीक्षण करीत व नोंदी ठेवीत. बॅरेट ह्यांनी चॅफिंच ह्या लहानशा पक्ष्याचा अभ्यास केला. सुटकेनंतर ते समुद्रकिनाऱ्यावर विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९५८ साली त्यांनी सी. एम. यंग ह्यांच्यासह लिहिलेली किनाऱ्यावरील जीवसृष्टीची मार्गदर्शिका पुढे असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती गेली. बंदिवासात ज्याने पाहण्याची तपश्चर्या केली, त्यानेच मोकळ्या किनाऱ्यावर इतरांना पाहावयास शिकविले.

शिकविण्याची रीत

आज अमेरिकन केंद्रांत शिकविणारे बहुतेक जण तरुण असतात. जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र, वनशास्त्र वा शिक्षणशास्त्र ह्यांची पदवी घेऊन ते येतात. वुल्फ रिजसारख्या केंद्रांत नवोदितांसाठी प्रदीर्घ प्रशिक्षणही असते. दहा ते पंधरा मुलांचा गट एका शिक्षकाच्या स्वाधीन केला जातो. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश सेल्सियसपर्यंत उतरला तरी वर्ग बाहेरच भरतो. म्हणून मुलांनी कपड्यांचे थर कसे चढवावे, हातमोजे कोरडे कसे ठेवावे, येथूनच पाठाला प्रारंभ होतो.

ओढ्यावरचा एक पाठ उदाहरणादाखल घेऊ. मुले गुडघाभर बूट घालून पाण्यात उतरतात, दगड उलटून पाहतात आणि सापडलेले किडे पांढऱ्या थाळीत ठेवतात. स्टोनफ्लाय नावाच्या कीटकाची पिले थंड व भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातच तग धरतात. ती सापडली तर ओढा निरोगी असल्याची ती खूण असते. हे शिक्षकाला ठाऊक असते, परंतु चांगला शिक्षक ते प्रथम सांगत नाही. नाव सांगितले की मूल पाहण्याचे थांबते, हा ह्या मंडळींचा अनुभव आहे. म्हणून तो मुलाला तीन गोष्टी विचारतो: तुला काय दिसते? तुला कोणता प्रश्न पडतो? हे पाहून तुला कशाची आठवण होते? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स ह्या संस्थेने बाहेर शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी जो प्रशिक्षणक्रम तयार केला, त्यात ही पद्धत नीट मांडलेली आहे. किड्याला पाय किती, तो शेपटी कशी हलवितो, त्याचे कल्ले कोठे आहेत, हे मुलेच शोधून काढतात. नाव सर्वांत शेवटी येते आणि तोवर ते मुलांना हवेसे झालेले असते.

रात्रीची पायवाट हा अनेक मुलांच्या आठवणीत राहणारा पाठ होय. शहरातील कित्येक मुलांनी खरा अंधार कधी पाहिलेलाच नसतो. त्यांना त्याची भीती वाटते आणि शिक्षक त्या भीतीची थट्टा करीत नाही. विजेऱ्या बंद करून गट हळूहळू चालतो. मानवी डोळा अंधाराला पुरता सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात झाडांच्या आकृती दिसू लागतात आणि घुबडाचा आवाज ऐकू येतो. मग शिक्षक प्रत्येकाला विंटरग्रीनच्या स्वादाची साखरेची गोळी देतो आणि ती जोडीदाराला दिसेल अशी दाताखाली फोडावयास सांगतो. गोळी फुटताना निळसर ठिणगी चमकते! साखरेचे स्फटिक मोडताना निर्माण होणारा प्रकाश विंटरग्रीनच्या तेलामुळे डोळ्यांना दिसण्याजोगा होतो, असे त्याचे शास्त्रीय कारण आहे. थोड्या वेळापूर्वी जेथे भीती होती, तेथे हसू उमटते.

भोजनगृहातही शिक्षण चालू असते. जेवणानंतर ताटांत उरलेले अन्न एका बादलीत गोळा करून सर्वांदेखत तोलले जाते. त्याला 'ऑर्ट' असे जुने इंग्रजी नाव आहे. कोणाला रागावले जात नाही, केवळ आकडा जाहीर होतो. दुसऱ्या दिवशी मुले स्वतःहून थोडे कमी वाढून घेतात व लागल्यास पुन्हा घेतात. अन्न टाकणे हे गरिबाच्या ताटातून चोरण्यासारखे आहे, असे पोप फ्रान्सिस वारंवार बजावीत असत. येथे मुलांना तो धडा तराजूच्या साहाय्याने मिळतो.

न दिसणारे कष्ट

ह्या कामाचा एक भाग मात्र छायाचित्रांत येत नाही. कोणत्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोणाला दम्याचा पंप लागतो, घराच्या आठवणीने रात्री कोण रडते, अंथरूण ओले झाले म्हणून सकाळी कोण गप्प आहे, ह्या सर्वांची शिक्षकाला जाणीव ठेवावी लागते. रुग्णालय दूर असल्याने अनेक केंद्रांतील शिक्षक रानातील प्रथमोपचाराचे शिक्षण घेतात. त्यातील प्रगत अभ्यासक्रम साधारणतः ७० ते ८० तासांचा असतो.

मोबदला मात्र बेताचाच असतो. राहणे-जेवणे बहुधा केंद्राकडून मिळते, पण करार हंगामापुरते वा वर्षभराचे असतात. कामाची जागा आणि राहण्याची जागा एकच असल्याने एकांत दुर्मीळ होतो. परिणामी अनेक जण एक-दोन वर्षांनी निघून जातात. ज्यांच्या घरची परिस्थिती बरी नाही अशा तरुणांना तर हे काम परवडतच नाही. त्यामुळे गरीब वस्त्यांतून आलेल्या मुलांना आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा वाढलेला शिक्षक अभावानेच भेटतो. ह्या क्षेत्रातील जाणती माणसे आता ही उणीव उघडपणे बोलून दाखवितात. २०२० सालच्या कोविड महामारीत तर निवासी केंद्रे बंद पडली व कित्येक शिक्षकांचा रोजगार गेला. ओढा, रान, सरोवर जागच्या जागी होते, परंतु ते मुलांना दाखविणारा माणूस नव्हता. केंद्राचे खरे धन म्हणजे शिक्षक, ही गोष्ट त्या वर्षी स्पष्ट झाली.

ऑरेगन राज्याने ह्याबाबतीत एक उल्लेखनीय पाऊल उचलले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथील मतदारांनी एका प्रस्तावाला कौल दिला आणि राज्यातील पाचवी वा सहावीच्या प्रत्येक मुलाला आठवडाभराच्या 'आउटडोअर स्कूल'ची संधी मिळावी ह्यासाठी राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून निधी राखून ठेवला. त्या शाळांची एक परंपरा आम्हांला विशेष भावते. माध्यमिक शाळेतील मोठी मुले-मुली तेथे स्वयंसेवक म्हणून येतात, लहान मुलांसोबत खोल्यांत राहतात व त्यांना शिकवितात. काल जो शिकला, तो आज शिकवितो.

श्रद्धेच्या प्रकाशात

बालकाच्या ठायी असलेला विस्मय टिकून राहावा ह्यासाठी त्याला किमान एका मोठ्या माणसाची सोबत लागते, असा विचार रेचल कार्सन ह्यांनी १९५६ सालच्या एका लेखात मांडला होता. ख्रिस्ती वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. प्रभू येशूने बारा जणांना प्रथम निवडले ते त्यांनी आपल्यासोबत असावे म्हणून, असे संत मार्क सांगतो. त्यांचे शिक्षण निवासी होते आणि बव्हंशी उघड्यावर झाले. सरोवराचा काठ, डोंगर, पिकलेले शेत हेच त्यांचे वर्ग. मोहरीचा दाणा, रानातील फुले, आकाशातील पाखरे ही त्यांची पाठ्यपुस्तके. प्रभूने शिष्यांना पाखरांची नावे शिकविली नाहीत. त्यांच्याकडे नीट पाहावयास सांगितले आणि त्या पाहण्यातून पित्याच्या काळजीकडे नेले.

आणखी एक साम्य आहे. हा शिक्षक एका मुलाला चार-पाच दिवस भेटतो आणि बहुधा पुन्हा कधीच भेटत नाही. त्या मुलाने पुढे नदी राखली की नासली, हे त्याला कळत नाही. पेरणारा एक व कापणारा दुसरा, ही शुभवर्तमानातील वस्तुस्थिती तो दर आठवड्याला जगतो. अर्थात पेरलेले रुजावयाचे तर घरी आणि शाळेत त्याला पाणी मिळाले पाहिजे, नाहीतर पाच दिवसांचा संस्कार पाच आठवड्यांत विरून जातो. म्हणूनच 'लाउदातो सी'ने ह्या शिक्षणात कुटुंबाला अग्रस्थान दिले आहे.

ख्रिस्तसभा स्वतःही ह्या मार्गाने चालू लागली आहे. कास्टेल गांडोल्फो येथील पोपमहोदयांच्या उद्यानभूमीवर पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२३ साली 'बोर्गो लाउदातो सी' हा शिक्षणप्रकल्प स्थापिला आणि ५ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्याचे उद्घाटन केले.

आपल्या धर्मग्रामांना एवढी मोठी केंद्रे उभारणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. उन्हाळी शिबिरे आपल्याकडे भरतात, धर्मशिक्षणाचे वर्ग चालतात, युवक संघटना आहेत. ह्या शिबिरांतील एक दिवस सभागृहाबाहेर भरविता येईल. वसईच्या वाड्यांतील बावखल, खाडीकाठ, भाताचे शेत हे आपले वर्ग होऊ शकतात. वाडीत राबलेले आजोबा वा मासळीचा हंगाम ओळखणारी आजी ह्यांच्याहून अधिक जाणते निसर्गशिक्षक आपल्याला कोठे मिळणार? त्यांच्या शेजारी दोन तरुण उभे करावेत, म्हणजे ते ज्ञान पुढच्या पिढीकडे जाईल. आणि जे हे काम करतील त्यांना योग्य मानधन, मान आणि प्रार्थनेचे पाठबळ देणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. सृष्टीसाठी प्रार्थना करताना, ती मुलांना दाखविणाऱ्या ह्या गुरुजनांचेही आपण स्मरण करू या.