दुभंगलेली टाळू व बालकाची वेदना

दुभंगलेल्या टाळूचें मूल जन्मास आलें कीं, ग्रहणांत आईनें कांहीं चिरलें असेल, असें आपल्याकडे अजूनही म्हटलें जातें. हा त्या माउलीवर अन्याय होय. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळूच्या दोन्ही बाजू मध्यभागीं जुळावयाच्या असतात; त्या जुळल्या नाहींत म्हणजे फट राहते. ग्रहणाचा येथें कांहींएक संबंध नाहीं. मूल सुमारें वर्षाचें झालें म्हणजे शस्त्रक्रियेनें ही फट शिवितात व त्यास स्पष्ट बोलण्याची वाट मोकळी होते.

कोल्हापुराजवळ मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. तेव्हां शस्त्रक्रिया आपल्या प्रांतास नवीन नाहीं. तरीही तान्ह्या लेंकरास कापावयाचें म्हटलें कीं आईबापांचें काळीज चरकतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं मूल भुलेखालीं असतें. खरी चिंता जागें झाल्यानंतरच्या वेदनेची. तान्ह्यांस वेदना फारशी जाणवत नाहीं, असें वैद्यकांतही पुष्कळ काळ मानीत. १९८७ सालीं डॉ. आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें ह्या समजुतीस मोठा धक्का दिला.

अफूच्या जातीचीं औषधें वेदना शमवितात, परंतु श्वासही मंद करितात. आणि टाळू शिवल्यावर सुजेमुळें श्वासाची वाट आधींच अरुंद झालेली असते. येथें ज्ञानतंतु बधिर करण्याची युक्ति कामीं येते. पाटाच्या तोंडाशीं बांध घातला म्हणजे पुढील वाफ्यांत पाणी जात नाहीं. त्याचप्रमाणें टाळूची वेदना मेंदूकडे नेणारा तंतु वाटेंतच अडविला, म्हणजे ती मेंदूपर्यंत पोंचत नाहीं. मूल भुलेंत असतांनाच, गालाच्या हाडाच्या कमानीवरून बारीक सुई आंत नेऊन, दोन्ही बाजूंच्या तंतूंजवळ औषध सोडतात. त्याचें प्रमाण मुलाच्या वजनावर ठरवितात, व सुई रक्तवाहिनींत नाहीं याची आधीं खात्री करून घेतात. बधिरतेचा गुण कांहीं तास टिकतो. तेवढ्या अवधींत अफूजन्य औषध थोडें पुरतें, मूल शांत राहतें आणि लवकर दूध घेऊं लागतें. पुढें पॅरासिटामॉलसारखीं साधीं औषधें वेळच्या वेळीं द्यावयाचीं असतात.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, भयामुळें शस्त्रक्रिया लांबवूं नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांस निःसंकोचपणें विचारावें, "जागें झाल्यावर आमच्या बाळाची वेदना कशी शमविणार?" बाळास स्वतःचें दुःख सांगतां येत नाहीं, म्हणूनच तें आपण विचारणें अवश्य आहे.