सीटी स्कॅनची सुई : घाबरू नका, पण काही लपवूही नका

घाटी रुग्णालय असो वा शहरातले खासगी सेंटर, सीटी स्कॅनपूर्वी नातेवाइकांपुढे संमतीपत्र येते. त्यात ‘कॉन्ट्रास्ट’च्या सुईचा उल्लेख असतो. कुणीतरी म्हणते, ‘डायने किडनी जाते!’ मग काही घरे घाबरून तपासणीच टाळतात, तर काही जण न वाचता सही करतात. हे दोन्ही धोक्याचे आहे, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

लोक याला डाय म्हणत असले तरी हे औषध पाण्यासारखे, बिनरंगाचे असते. त्यातले आयोडीन क्ष-किरण अडवते. त्यामुळे रक्तवाहिन्या फोटोत पांढऱ्या उठून दिसतात. एरवी नजरेतून सुटणारी गाठ किंवा रक्ताची गुठळीही सापडते. सुई देताना अंग गरम होते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. हे थोड्याच वेळात ओसरते. मात्र अंगाला खाज सुटली, पित्त उठले किंवा दम लागला तर लगेच सांगावे. गंभीर त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या तासात होतो, म्हणून लगेच घरी निघू नये.

किडनी चांगली असेल तर हे औषध साधारण 24 तासांत लघवीवाटे निघून जाते. किडनी आधीच कमजोर असेल तर मात्र जपावे लागते. म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तसे सांगावे. किडनी फार कमजोर असेल तर डॉक्टर ही गोळी 48 तास थांबवतात. स्वतःच्या मनाने बंद करू नये. थायरॉईडचा आजार, दमा, गर्भ असण्याची शक्यता आणि पूर्वी अशा सुईने झालेला त्रास, हेही सांगावे.

मासळी सोसत नाही म्हणून ही सुई चालणार नाही, हा गैरसमज आहे. अंगावर दूध पाजणाऱ्या आईलाही सहसा पाजणे थांबवावे लागत नाही, कारण दुधात या औषधाचा अगदी अल्प अंश उतरतो.

रमजानमध्ये तपासणी आली तर? शरीरात पाणी कमी असताना किडनीवर ताण वाढतो. रोजा असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे. आजाऱ्याला रोजा पुढे पूर्ण करण्याची सवलत सूरह बकराहमध्ये आहे. अम्मी-अब्बांना ती आठवण करून देणे हे आपल्या मुलामुलींचे काम आहे.